ढवळीच्या टाक्या

तिचं ढवळी हे नाव धाकट्या भावाने ठेवलं. ती इंजिनिअर होऊन रंगाच्या कारखान्यात लागली, त्याच आठवड्यात जेवताना त्याने विचारलं, "ताई, तू तिथे नेमकं करतेस काय?" तिने खरंखरं सांगून टाकलं, "टाकीतलं नीट ढवळलं जातंय की नाही, ते बघते." एवढी पुस्तकं डोक्यात घालून शेवटी डावच हातात आला, असं म्हणत तो पोट धरधरून हसला. तेव्हापासून ती घरात ढवळी, मग गल्लीत ढवळी आणि पुढे कोणाच्या तरी तोंडून निसटल्यामुळे कारखान्यातही ढवळी. नाव चिकटलं ते बरोबरच होतं म्हणा. ढवळणं हा तिचा धंदा आणि ढवळाढवळ हा स्वभाव. शेजारणीच्या नळाला धार कमी का येते, इथपासून ते बेकरीवाल्याच्या भट्टीत एका बाजूचे पाव जास्त का भाजतात, इथपर्यंत सगळ्यात तिला नाक खुपसायचं असे. आणि गंमत म्हणजे लोक रागवत नसत, कारण नळाची धार खरोखरच वाढे.

आई लवकर गेली होती. घरात बाबा, भाऊ आणि ती. बाबा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करत. त्यांच्या बोटांच्या पेरांत तो तपकिरी रंग असा मुरला होता, की सुट्टीच्या दिवशीही हात कामावर असल्यासारखे दिसत. लेकीच्या नोकरीवर ते बेहद्द खूश. ती नमुन्याची छोटी डबी आणायची, बाबा झाकण उघडून वास घ्यायचे, एक थेंब अंगठ्याच्या नखावर पसरवायचे, खिडकीशी जाऊन उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "जमलाय." वरिष्ठांच्या शाबासकीपेक्षा तिला ते "जमलाय" मोलाचं वाटे.

रंगाचं काम तिने काही वर्षं केलं आणि मग तिला त्याचा कंटाळा आला. गुठळी राहिली, वाढव पंख्याचा वेग; रंग पातळ झाला, घाल भुकटी. काही अडतच नव्हतं. त्याच सुमारास शहराच्या कडेला औषधांचा एक नवा कारखाना उभा राहत होता. सांधे आखडून जाणाऱ्या एका आजारावरचं इंजेक्शन तिथे तयार होणार होतं. आणि तेही रसायनं एकत्र करून नाही, तर टाकीत जिवंत पेशी वाढवून. पेशींना पोसायचं, त्या आपल्या अंगातून औषध सोडतात, ते गाळून घ्यायचं. तिने अर्ज ठोकून दिला.

मुलाखत कारखान्याच्या मुख्य साहेबांनी घेतली. माणूस उंच, बोलणं हळू, समोरच्याची फिरकी घेण्याची खोड.

"जीवशास्त्र किती झालंय?" त्यांनी विचारलं.

"शाळेत होतं. पुढे बेडूक कापावा लागेल म्हणून सोडलं."

"मग इथे काय करशील?"

"टाक्या तर टाक्याच ना, साहेब."

"असं समजणारी माणसं मला हवी असतात," ते म्हणाले. "समज गेला की चांगली शिकतात."

समज जायला फार वेळ लागला नाही. पेशींचा सगळा कारभार डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. त्या रोगी तपासणाऱ्या डॉक्टर नव्हेत. पेशींवर संशोधन करून पदवी मिळवलेल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, आणि जीभ अशी, की समोरचा आधी हसे आणि घरी गेल्यावर त्याला लागे. त्यांनी ढवळीला एका लहान काचेच्या टाकीवर बसवलं आणि जुन्या सवयीने ढवळीने तळाशी काहीतरी साचल्यासारखं दिसताच पंख्याचा वेग वाढवला. आपण काही चुकीचं करतोय, हे तिच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी गढूळ आणि पेशी सगळ्या मेलेल्या.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि एक थेंब दाखवला. फाटलेली, विस्कटलेली टरफलं. मग दुसऱ्या टाकीतला थेंब दाखवला. त्यात गोल, टपोरे, कडा चमकणारे ठिपके होते.

"ह्या जिवंत आहेत, बाई," त्या म्हणाल्या. "ह्यांना अंगावर जाडसर कातडीसुद्धा नाही. तू त्यांना मिक्सरमधून काढलंस."

ढवळी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन परत आली आणि म्हणाली, "मला पहिल्यापासून शिकवाल?"

त्या दोघींची जोडी तिथून जमली. जोडी म्हणजे काय, सदानकदा वाद. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, तुम्ही इंजिनिअर लोक टाकीला भांडं समजता. ढवळीचं म्हणणं, तुम्ही लोक टाकीला बाळ समजता आणि पाइप कुठून कुठे जातो तेही बघत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत दोघींचे डबे एकमेकींच्या समोरच उघडत.

आतल्या भागात जायचं तर अंगभर पांढरा झगा, टोपी, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे, बुटांवर पिशव्या. दागिना नाही, पावडर नाही. सगळेच एकसारखे, जणू कोणी कणकेचे गोळे चालायला सोडलेत. त्यामुळे तिथे माणसं चालीवरून ओळखायची. डॉक्टरीणबाई बदकासारख्या डुलत. साहेब बगळ्यासारखे एकेक पाऊल टाकत. आणि ढवळी सतत कुठेतरी निघाल्यासारखी, खांदा पुढे काढून.

त्या चालीवर एक माणूस भाळला. कारखान्यातले दाब-तापमानाचे काटे बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायला बाहेरून यायचा तो. सगळे त्याला काटेवाला म्हणत. शांत, अबोल, खिशाला तीन पेनं. आतमध्ये तिच्याशी त्याची चांगली ओळख झाली होती. पण उपाहारगृहात ती समोर येऊन बसली, तेव्हा त्याने तिला ओळखलंच नाही आणि "इथे कोणी येणार आहे" असं सांगून तिची खुर्ची अडवून ठेवली.

"कोण येणार आहे?" तिने विचारलं.

"आतल्या इंजिनिअर बाई."

"त्या आल्या," ती म्हणाली आणि बसली.

लग्न झालं. काटेवाला तिच्याच घरी राहायला आला, कारण बाबांना एकटं सोडणं तिच्या जिवावर आलं असतं. भावाची बदली दुसऱ्या शहरात झाली होती आणि बाबांना आता जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं. वर्षानुवर्षं लाकडाची पूड आणि पॉलिशची वाफ छातीत गेली होती, तीच आता आपला वाटा मागू लागली होती.

लेकीची नवी नोकरी बाबांच्या पचनी कधी पडली नाही. "रंग दिसतो तरी," ते म्हणत. "तुझं हे काही दिसत नाही, वास येत नाही. नखावर काय लावून बघायचं?" तिला वाईट वाटे.

मग मोठी टाकी आली.

तोवर सगळं मध्यम टाक्यांत चालायचं. औषधाची मागणी वाढली, तशी साहेबांनी दोन मजले उंच पोलादी टाकी मागवली. ती बसवायला छत उघडावं लागलं, क्रेन आली, आणि ती खाली उतरताना सगळा कारखाना माना वर करून बघत राहिला. टाकीची जबाबदारी ढवळीकडे आली. लहान टाकीत जे जमतं ते मोठीत जसंच्या तसं जमवायचं, हेच तिच्यासारख्या इंजिनिअरचं खरं काम. वाटीभर शिरा चांगला होतो, म्हणून लग्नाच्या पातेल्यातही होईलच असं नाही, त्यातलाच प्रकार.

आणि पातेलं बिघडलं. पहिले काही दिवस पेशी मजेत वाढायच्या. मग जरा गर्दी झाली, की रुसल्यासारख्या बसायच्या. औषध निम्मंदेखील उतरत नव्हतं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदाही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या पोलादात काहीतरी खोट आहे. यंत्रवाले म्हणाले, पेशीच नाजूक झाल्यात. साहेब म्हणाले, खुराक बदलून बघा. ढवळीने कोणीही केलं असतं तेच केलं. पेशी गुदमरत असतील, म्हणून प्राणवायू वाढवला. तळाच्या जाळीतून धुक्यासारखे बारीक बुडबुडे सोडले. प्राणवायूचा काटा हवा तिथे स्थिर राहिला, आणि पेशी तरीही मरत राहिल्या.

त्याच दिवसांत बाबांची छाती फारच भरून आली. भाऊ फोनवर सारखा सांगत होता, घरी प्राणवायूचं मशीन घेऊन टाक. ती बाबांना घेऊन दवाखान्यात गेली. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. बाबा आ वासून, खांदे उचलून हवा आत ओढत होते.

"आजोबा, थांबा जरा," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही घ्यायची घाई करताय. आत जागाच नाहीये. जुनी हवा अडकून बसलीये, ती आधी बाहेर सोडा. ओठांचा चंबू करा. गरम चहावर फुंकर घालतो ना, तशी. सावकाश. घेण्याचं मग बघू, ते आपोआप होतं."

"मशीन लावलं तर?" ढवळीने विचारलं.

"मशीन आत घालेल. बाहेर कोण काढणार?"

बाबांनी चंबू केला. फू करत हवा सोडली, परत सोडली, आणि खांदे हळूहळू खाली आले. ढवळीला त्यांच्याकडे बघून बरं वाटलं, तेव्हा तरी एवढंच वाटलं. घरी पोचल्यावर ती भांडी घासत होती आणि एकाएकी नळ चालू ठेवूनच उभी राहिली. पेशीही श्वास सोडतात. प्राणवायू किती गेला, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतोय. त्यांनी सोडलेला वायू कुठे जातो? लहान टाकीत तो वरून सहज निघून जात असणार, म्हणून कोणी विचारलंच नाही. दोन मजले खोल पाण्यात तो जाणार कसा?

सकाळी तिने डॉक्टरीणबाईंना गाठून हे सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"हे मला सुचायला हवं होतं," त्या चिडून म्हणाल्या.

"मग तुम्हाला सुचलं असं समजा. पण मोजायचं कसं?"

मोजणं अवघड होतं, कारण नमुना काढून नेईपर्यंत त्यातला वायू उडून जायचा, सोड्याची बाटली उघडी राहिल्यासारखा. शेवटी तोंड बंद केलेल्या सिरिंजमध्ये नमुना घेऊन दोघी मीटरकडे पळत सुटल्या. अंगात झगे, पायात पिशव्या. एक बदकासारखी, दुसरी खांदा पुढे काढून. काचेपलीकडून बघणाऱ्यांची त्या दिवशी चांगली करमणूक झाली. आकडा आला तो इतका मोठा, की मीटरच बिघडलं असेल असं साहेब म्हणाले. काटेवाल्याला बोलावलं. त्याने उघडून, तपासून, परत लावून बघितलं.

"मीटर खरं बोलतंय," तो म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं कारखान्यातलं सगळ्यात लांब वाक्य ते.

उपाय ढवळीला ठाऊक होता. बारीक बुडबुडा प्राणवायू द्यायला उत्तम, पण इवलासा. आतला वायू भरून वर न्यायला त्याच्या पोटात जागा कुठली? मोठे बुडबुडे हवेत, वर जाताना टाकीतला कोंडलेला वायू घेऊन जाणारे. त्यासाठी तळाशी एक जाड नळी घालावी लागणार होती. साहेबांनी खूप आढेवेढे घेतले आणि परवानगी दिली.

नव्या नळीची पहिली खेप फेसाने बुडाली. मोठे बुडबुडे वर येऊन फुटले, फेसाचा थर चढत गेला, वरच्या हवेच्या गाळणीत शिरला, गाळणी भिजून बंद झाली आणि टाकीतला दाब वाढत चालला. भोंगा वाजला. भर दुपारी सगळ्यांच्या देखत ती खेप सोडून द्यावी लागली. इतक्या दिवसांची मेहनत गटारात चालली होती आणि साहेब शेजारी उभे राहून बघत होते. फेसाचा एक गोळा त्यांच्या बुटावर येऊन बसला.

"तू आता घरी जा," ते म्हणाले. रागाने नाही, पण त्यामुळेच ते जास्त झोंबलं.

घरी बाबा खिडकीशी चंबू करून बसले होते. तिचं तोंड बघून त्यांनी विचारलं, आणि तिने सगळं सांगितलं. टाकी, वायू, बुडबुडे, फेस. आपल्या कामाबद्दल इतकं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. बाबा मध्ये मध्ये श्वास सोडत ऐकत राहिले.

"म्हणजे माझं जे झालंय तेच त्यांचं झालंय," ते शेवटी म्हणाले.

"तेच."

"मग त्यांना चंबू करायला शिकव."

ती हसली, हसता हसता रडली. बाबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "एकदा दमट हवेत मी आख्खं जेवणाचं टेबल पॉलिश केलं होतं. सकाळी बघतो तर पांढरं फटक. मालक समोर उभा."

"मग?"

"मग काय. खरवडलं आणि परत केलं."

तिकडे डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. आत काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. पण बाहेर येताना साहेब दमलेले आणि बाई ताज्यातवान्या दिसत होत्या. आणखी एका खेपेला परवानगी मिळाली.

ह्या वेळी ढवळी सबुरीने गेली. नळीचं भोक बदललं, मोठे बुडबुडे थोडेच सोडले, फेस मारायचं औषध थेंबाथेंबाने दिलं आणि गाळणी भिजून बंद होऊ नये म्हणून तिला ऊब राहील अशी सोय केली. नेहमी पेशी रुसायच्या तो दिवस आला आणि गेला. डॉक्टरीणबाईंनी थेंब काढला, सूक्ष्मदर्शकात बघितला आणि खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली. गोल, टपोरे, कडा चमकणारे ठिपके. सगळं काही लहान टाकीइतकं साधलं नव्हतं आणि पुढेही बरीच खटपट करावी लागली. पण औषध भरपूर उतरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "टाक्या टाक्याच असतात का गं?" आणि पहिल्यांदाच स्वतः मोठ्याने हसले.

बाबा त्यानंतर काही वर्षं बऱ्यापैकी जगले. त्यांना ती रोजची बातमी सांगे आणि ते पेशींची चौकशी घरच्या माणसांसारखी करत. "आज श्वास कसा आहे पोरांचा?" मग एका थंडीत ते झोपेतच गेले. भाऊ आला, दोघं बहीणभाऊ खूप वेळ एकमेकांजवळ बसून राहिले. बाबांच्या कपाटात पॉलिशचे बोळे घड्या करून ठेवलेले होते, ते कोणाला टाकवेनात.

पुढे ढवळीचं नाव झालं आणि वरून बोलावणं आलं. मुख्य कार्यालयात मोठी जागा, सगळ्या कारखान्यांच्या टाक्यांवर देखरेख. नाही म्हणायला कारण नव्हतं. ती गेली. तिथे गालिचा होता, काचेची भिंत होती आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बैठका होत्या. टाकी फक्त पडद्यावर दिसायची, निळ्या रंगाचा एक चौकोन. काही बिघडलं की लोक तिला विचारत, ती सांगे, ते मान डोलावत, आणि ते करायला मात्र दुसरंच कोणी जाई. ती घरी येऊन काटेवाल्यावर चिडचिड करू लागली. एक दिवस तो बशी पुसता पुसता म्हणाला, "तू हल्ली चालतेस कशी, बघितलंयस का? पोस्टाच्या रांगेत उभी असल्यासारखी."

महिन्याभरात तिने परत कारखान्यात जागा मागितली. मागितली तीसुद्धा साध्या प्रक्रिया-इंजिनिअरची, कारण तेवढीच रिकामी होती; आणि तिचा वरिष्ठ कोण, तर तिनेच कधीकाळी शिकवलेला मुलगा. लोकांनी भुवया उंचावल्या. भाऊ फोनवर म्हणाला, "ढवळे, माणसं जिना चढतात. तू उतरलीस."

"अरे, टाकी खालच्या मजल्यावर आहे," ती म्हणाली.

वरिष्ठ झालेला तो मुलगा पहिले काही दिवस तिच्यासमोर उभाच राहायचा. शेवटी तिने त्याला दम भरला, "साहेब, तुम्ही बसल्याशिवाय मला बसता येत नाही आणि माझे गुडघे दुखतात." तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता कारखान्यात पोलादाच्या जोडीला प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या टाक्या आल्यात. एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. ढवळी आधी त्यांच्याकडे बघून नाक मुरडत होती, हे काय दुधाच्या पिशवीसारखं, म्हणत होती. मग एके दिवशी पिशवीत बुडबुडे वेगळेच वागतात असं तिच्या लक्षात आलं आणि झालं, स्वारी घरी यायचं विसरायला लागली.

परवा डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. भाषणं झाली, हार झाले, साहेब काठी टेकत मुद्दाम आले होते. समारंभ संपला तरी बाई निघेनात. मग ढवळीला म्हणाल्या, "चल, एकदा आत जाऊन येऊ." दोघींनी झगे घातले. एकीला वाकून बुटांवर पिशव्या चढवता येत नव्हत्या, दुसरीला गुडघ्यावर बसता येत नव्हतं. एकमेकींना धरून कसंबसं जमलं. आत नवी खेप लागली होती. बाईंनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, "पेशी जास्त घातल्यायत."

"बरोबर घातल्यायत," ढवळी म्हणाली.

"गर्दी होईल."

"झाली तर मी आहे ना."

"तुझ्यावर सोडलं तर पहिल्याच दिवशी मिक्सर केला होतास."

"आणि तुम्ही पोलादात खोट काढत बसला होतात."

बाहेर हार वाळत होते आणि गाडीवाला बाईंची वाट बघत ताटकळला होता. आत पट्ट्यांआडून दोघींचा आवाज चढत गेला, आणि त्या पाळीत कामाला असलेल्या मुलींनी हळूच दोन स्टुलं आणून त्यांच्यामागे ठेवली.